कच्चतीवूचा वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की हे बेट पाण्यावर येते आणि मतमोजणी झाली की पुन्हा बुडते. मधल्या गलक्यात 'श्रीलंकेला कोणी दिले' आणि 'कोण परत आणणार' एवढेच कानावर पडते. पुढचे प्रश्न त्या गलक्यातूनच उचलले आहेत. बातम्या बघता बघता लोक ज्या शब्दांत विचारतात, साधारण त्याच शब्दांत ते ठेवले आहेत.

हे कच्चतीवू आहे तरी कुठे, आणि केवढे?

भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीत. रामेश्वरहून ईशान्येला सुमारे ३३ किलोमीटरवर. श्रीलंकेच्या बाजूचे जवळचे वस्तीचे बेट म्हणजे नेडुनतीवू, डचांनी ज्याला डेल्फ्ट म्हटले ते. तिथून कच्चतीवू साधारण २४ किलोमीटर पडते. क्षेत्रफळ २८५ एकर. दादरचे शिवाजी पार्क २८ एकरांच्या आसपास आहे, तशी दहा मैदाने एकमेकांना चिकटवली की झाले कच्चतीवू. गोडे पाणी नाही, कायमची वस्ती नाही. झुडपे आहेत, संत अँथनीचे चर्च आहे आणि श्रीलंकेच्या नौदलाचा पहारा आहे.

कच्चथीवू, कच्चाथिवू, कच्चतीवू... लिहायचे कसे?

तमिळ उच्चार 'कच्चत्तीवु'च्या जवळ जातो. इंग्रजीत तमिळ 'त' लिहायला टी आणि एच वापरतात, आणि आपला बातमीदार ते वाचून बिनदिक्कत 'थ' करतो. 'तीवु' म्हणजेच बेट. त्यामुळे 'कच्चतीवू बेट' म्हणणे हे 'सिंहगड किल्ला' म्हणण्यासारखे आहे. आपण म्हणतोच, चालायचेच.

मुळात ते होते कोणाचे?

सगळा वाद इथेच आहे, आणि तो १९४७ च्याही आधीचा आहे.

भारताची बाजू रामनाडच्या, म्हणजे आजच्या रामनाथपुरमच्या, सेतुपती राजांवर उभी आहे. रामेश्वरचा परिसर, सेतूची वाट आणि आजूबाजूची लहानमोठी बेटे त्यांच्या ताब्यात होती. इंग्रजांनी त्यांना जमीनदार केले, तरी कच्चतीवू त्यांच्याच जमीनदारीत धरले जात होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला या बेटाचे भाडेपट्टे झाल्याचे कागद आहेत. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या रद्द झाल्या, तेव्हा रामनाडची मिळकत मद्रास सरकारकडे आली. म्हणून बेट भारताचे, असा हा युक्तिवाद.

श्रीलंकेचे म्हणणे असे, की जमीनदाराने भाडे वसूल केले म्हणजे सार्वभौमत्व सिद्ध होत नाही. हे बेट उत्तर श्रीलंकेतल्या जाफनाच्या कारभाराखाली होते. तिथले चर्चही जाफनाच्या धर्मप्रांताकडे आहे. १९२१ मध्ये मद्रास आणि सिलोन (म्हणजे आजची श्रीलंका) यांच्या अधिकाऱ्यांची कोलंबोत बैठक झाली. विषय होता मासेमारीची हद्द ठरवण्याचा. सिलोनच्या बाजूने आग्रह धरला, की रेषा कच्चतीवूच्या पश्चिमेने जावी, म्हणजे बेट आमच्याकडे. चर्चेत रेषा तशी ओढलीही गेली, पण तो करार कधी पक्का झाला नाही. गंमत अशी, की टेबलाच्या दोन्ही बाजूंना साहेबच बसले होते आणि दोघांचा राजा एकच होता. त्या बैठकीचे इतिवृत्त पुढे दोन्ही स्वतंत्र देशांनी आपापल्या सोयीने वाचले.

भारताची कायदेशीर बाजू भक्कम होती का?

बरी होती. भक्कम म्हणवत नाही. १९५८ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी मत दिले, की पुरावे तोलून पाहता पारडे भारताकडे झुकते. सेटलवाड म्हणजे मुंबईच्या हायकोर्टात हयात घालवलेला वकील, उगाच लिहिणारा माणूस नव्हे. पण १९६० मध्ये परराष्ट्र मंत्रालयातले कायदेतज्ज्ञ कृष्णराव यांनी जरा हात आखडता घेतला. त्यांचे म्हणणे असे, की मालकीचा दावा तितका पटवून देता येणार नाही, मात्र मासेमारीच्या हक्काचा दावा चांगला आहे.

हे दुसरे मत लक्षात ठेवा. पुढे झाले ते नेमके उलटे. आधी मालकी सोडली, आणि दोन वर्षांनी मासेमारीचा हक्कही सोडला.

नेहरूंनी बेट देऊन टाकले, हे खरे का?

नाही. नेहरू १९६४ मध्ये गेले आणि करार १९७४ चा आहे. पण धूर आगीशिवाय नाही. १९६१ च्या मे महिन्यातल्या एका टिपणात त्यांनी लिहिले होते, की या चिमुकल्या बेटाला मी काडीचेही महत्त्व देत नाही, त्यावरचा दावा सोडायला मला संकोच वाटणार नाही, असे विषय लोंबकळत राहावेत आणि संसदेत पुन्हा पुन्हा निघावेत हे मला आवडत नाही. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा.

हे टिपण २०२४ मध्ये गाजले. नेहरूंचा वैताग समजण्यासारखा आहे, कारण समोर चीनची सीमा धगधगत होती. पण दिल्लीत बसून नकाशावर ठिपका दिसतो आणि रामेश्वरच्या बंदरावरून तोच ठिपका म्हणजे पोट असते, हे त्या टिपणात कुठेच येत नाही. ही चूक एकट्या नेहरूंची नाही. त्यांच्यानंतर आलेल्या जवळपास प्रत्येकाने ती केली आहे.

१९७४ च्या करारात नेमके काय ठरले?

२६ आणि २८ जून १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरीमाओ बंदरनायके यांनी सह्या केल्या. करार पाल्कच्या उपसागरातल्या 'ऐतिहासिक जलक्षेत्रा'च्या सीमेचा होता. म्हणजे हे पाणी खुला समुद्र नसून पूर्वापार दोघांचेच आहे, असे दोघांनी मानले आणि मधोमध रेषा ओढली. ती रेषा कच्चतीवूच्या पश्चिमेने, जेमतेम मैलभर अंतरावरून गेली. करारात 'बेट श्रीलंकेला दिले' असे वाक्य शोधून सापडणार नाही. आपापल्या बाजूच्या पाण्यावर आणि बेटांवर ज्याचे त्याचे सार्वभौमत्व, एवढेच आहे. रेषेनेच काय ते सांगितले.

पाचव्या कलमात भारतीय मच्छीमार आणि यात्रेकरू यांना पूर्वीप्रमाणे बेटावर जाता येईल, त्यासाठी पासपोर्ट-व्हिसा लागणार नाही, असे आहे. सहाव्यात दोन्ही देशांच्या नौकांना एकमेकांच्या पाण्यात पूर्वापार हक्क राहतील, असे आहे. परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांनी जुलै १९७४ मध्ये संसदेत सांगितले, की मासेमारी, यात्रा आणि नौकानयन यांचे हक्क पूर्णपणे सुरक्षित ठेवले आहेत. श्रीलंकेने पाचव्या कलमाचा अर्थ लावला तो असा: या, जाळी वाळवा, दमलात तर टेका, चर्चमध्ये मेणबत्ती लावा. मासे मात्र धरू नका.

जाळी वाळवण्याचा हक्क ही या प्रकरणातली सगळ्यात केविलवाणी गोष्ट. सुती जाळी होती तेव्हा ती उन्हात पसरावी लागत, नाहीतर कुजत. नायलॉन आले आणि जाळी वाळवायची गरजच संपली. कागदावर जपून ठेवलेला हक्क व्यवहारात निरुपयोगी होऊन बसला.

मग मासेमारीचा हक्क गेला कधी?

२३ मार्च १९७६ रोजी. त्या दिवशी मन्नारचे आखात आणि बंगालचा उपसागर यांतली उरलेली सागरी सीमा ठरली. त्याच वेळी दोन्ही परराष्ट्र सचिवांनी एकमेकांना पत्रे लिहिली: भारताच्या नौका श्रीलंकेच्या पाण्यात आणि श्रीलंकेच्या नौका भारताच्या पाण्यात स्पष्ट परवानगीशिवाय मासेमारी करणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी संसदेला जे 'सुरक्षित' म्हणून सांगितले होते, त्यातला मुख्य भाग या पत्रांनी संपवला.

तारखेकडे बघा. देशात आणीबाणी. तामिळनाडूचे करुणानिधी सरकार ३१ जानेवारी १९७६ रोजी बरखास्त झालेले. म्हणजे ज्यांच्या ताटातले काढले जात होते, त्यांच्या वतीने बोलायला चेन्नईत निवडून आलेले सरकारच नव्हते. मराठी वाचकासाठी आणखी एक तपशील: तेव्हा देशाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते. १९७४ चा करार त्यांच्या आधीचा, पण १९७६ चा त्यांच्या कारकिर्दीतला. आपल्याकडे यशवंतरावांवर एवढे लिहिले-बोलले जाते, त्यात हे पान सहसा कोणी उघडत नाही.

बदल्यात भारताला काही मिळाले का?

मिळाले. कन्याकुमारीच्या दक्षिणेला 'वेज बँक' नावाचा समुद्रातला उंचवटा आहे, मासळीने भरलेला. १९७६ च्या व्यवस्थेत तो भारताकडे आला. श्रीलंकेच्या ठरावीक बोटींना तिथे तीन वर्षे मासेमारीची मुभा मिळाली, मग तीही संपली. नुसत्या आकडेमोडीने पाहिले तर २८५ एकर ओसाड जमिनीपेक्षा वेज बँक किती तरी मोलाची. अडचण एवढीच, की वेज बँकेचा फायदा कन्याकुमारीला आणि तोटा रामेश्वरला. गमावणारा एक आणि कमावणारा दुसरा असला, की देशाचा जमाखर्च जुळतो आणि माणसांचा जुळत नाही.

राजकारणाचा हिशेबही होता. १८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुचाचणी झाली होती आणि भारताला शेजारी मित्र हवे होते. चहाच्या मळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांच्या नागरिकत्वाचा गुंता १९६४ च्या शास्त्री-सिरीमाओ करारापासून चालू होता. त्यातल्या उरलेल्या दीड लाख लोकांची निम्मी-निम्मी वाटणी त्याच वर्षी, जानेवारी १९७४ मध्ये ठरली. बेट या सगळ्या सौद्यातला एक लहान नग होते.

करुणानिधींना आधी माहीत होते, असे म्हणतात. खरे काय?

माहिती अधिकारात बाहेर आलेल्या नोंदी सांगतात, की कराराच्या आठवडाभर आधी परराष्ट्र सचिव केवल सिंग मद्रासला जाऊन करुणानिधींना भेटले आणि त्यांना कल्पना दिली. द्रमुकचे म्हणणे, की आम्ही तेव्हाही विरोधच केला. करार जाहीर झाल्यावर सर्वपक्षीय बैठक झाली, निषेध झाला, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला हरकत नाही. बंद खोलीत मान डोलवायची आणि मैदानात मूठ उगारायची, हे आपल्या राजकारणात काही नवल नव्हे. पण मुख्यमंत्र्याला सांगणे म्हणजे त्याची संमती घेणे नव्हे, आणि संमती मागितली होती असे कोणीच म्हणत नाही.

संसदेला न विचारता देशाचा भाग देता येतो का?

येत नाही. बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सांगितले, की भारताचा प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते. बांगलादेशाबरोबर छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यांची, अदलाबदल झाली तेव्हा २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. त्यात भारताची १११ छिटमहाले तिकडे गेली आणि त्यांची ५१ इकडे आली.

कच्चतीवूच्या बाबतीत घटनादुरुस्ती झाली नाही. जयललिता यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती याच मुद्द्यावर. २०१३ मध्ये करुणानिधीही तिथे पोचले. एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे ज्या मोजक्या विषयांवर एका बाजूला आले, त्यांतला हा एक.

केंद्राचे उत्तर मात्र पक्ष बदलला तरी बदलले नाही: हद्द ठरलेलीच नव्हती, दोघांचा दावा होता, तेव्हा भारताचा प्रदेश 'दिला' असे म्हणताच येत नाही, फक्त सीमा आखली. २०१५ मध्ये, मोदी सरकारच्या काळात, माहिती अधिकाराच्या एका अर्जाला परराष्ट्र मंत्रालयाने याच आशयाचे उत्तर दिले. २०१४ मध्ये ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी न्यायालयात म्हणाले होते, की बेट परत हवे तर युद्ध करावे लागेल.

तरीही, परत घेता येईल का?

एकतर्फी नाही. परिस्थिती बदलली म्हणून करार मोडण्याची एक सोय आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे, पण सीमा ठरवणारे करार त्यातून मुद्दाम वगळले आहेत. नाहीतर जगातला प्रत्येक शेजारी दर दहा वर्षांनी कुंपण उपटेल. हेगच्या न्यायालयात जावे, तर भारताने त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करतानाच अट घातली आहे, की राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आणू नयेत. ती अट पाकिस्तान डोळ्यांसमोर ठेवून घातलेली, पण श्रीलंकाही राष्ट्रकुलातच आहे.

उरते ती वाटाघाट: कायमचा भाडेपट्टा, किंवा मासेमारीच्या परवान्यांची देवघेव. भाडेपट्ट्याची मागणी तामिळनाडूत जुनी आहे. कोलंबोत मात्र ती मांडणारा नेता दुसऱ्या दिवशी खुर्चीवर राहणार नाही.

बेट परत मिळाले तर मच्छीमारांची धरपकड थांबेल का?

या पानावरचा खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर नाही असे आहे.

समजा, उद्या सकाळी कच्चतीवू भारताचे झाले. रेषा काही मैल पूर्वेला सरकेल. एवढ्याशा निर्जन बेटाला सीमा ठरवताना वजनही फारसे मिळत नाही. रामेश्वर, मंडपम, नागपट्टिणमच्या बोटी पकडल्या जातात त्या काही फक्त बेटाच्या कडेला नाही. त्या नेडुनतीवूजवळ, मन्नारजवळ, थेट जाफनाच्या किनाऱ्यालगत पकडल्या जातात. मासे तिकडे आहेत म्हणून बोटी तिकडे जातात.

आणि मासे इकडे का नाहीत? पाल्कचा उपसागर उथळ आहे, पुष्कळ ठिकाणी दहा मीटरही खोली नाही. साठच्या दशकापासून निर्यातीच्या कोळंबीसाठी इथे ट्रॉलर आले. तळ खरवडत जाणारे जाळे कोळंबीबरोबर पिल्ले, अंडी, समुद्री गवत सगळे उचलते. बघता बघता भारताकडचा तळ रिकामा झाला. १९८३ पासून २००९ पर्यंत श्रीलंकेत यादवी युद्ध चालले. तिथल्या नौदलाने उत्तरेकडच्या मच्छीमारांना समुद्रात उतरू दिले नाही आणि तो किनारा पंचवीस वर्षे जवळपास मोकळा राहिला. आमच्या बोटी तिथे जायला शिकल्या, गोळ्याही झेलल्या. मासेमारांची एक अख्खी पिढी त्या पाण्याला आपलेच समजून वाढली. मग युद्ध संपले आणि तिकडचा कोळी परत आला.

तिकडचा म्हणजे सिंहली?

नाही. तमिळच. नेते भाषण करताना बहुतेक वेळा हे सांगत नाहीत.

जाफना, मन्नार, मुल्लैतीवूचा मच्छीमार तमिळ बोलतो, तमिळ सिनेमे बघतो, त्याच संत अँथनीला नवस करतो. युद्धात घर गेले, बोट गेली. कर्ज काढून फायबरची होडी आणि जाळी घेतली. रात्री पसरलेल्या त्या जाळ्यांवरून रामेश्वरचा ट्रॉलर गेला की सकाळी हातात चिंध्या येतात. श्रीलंकेने जुलै २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर बंदी घातली. त्या कायद्यामागे जाफनाचे खासदार सुमंतिरन यांचे खासगी विधेयक होते. तेही तमिळ नेते. 'सिंहली नौदल विरुद्ध तमिळ कोळी' ही चेन्नईतली मांडणी जाफनाच्या धक्क्यावर टिकत नाही.

मालवणच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. कर्नाटकातल्या मलपीचे वेगवान ट्रॉलर रात्री सिंधुदुर्गाच्या पाण्यात शिरतात तेव्हा तो जे बोलतो, तेच जाफनाचा कोळी बोलतो. फरक एवढाच, की मालवण आणि मलपी एकाच देशात आहेत.

म्हणजे सगळा दोष रामेश्वरच्या ट्रॉलरवाल्यांचा?

तसेही नाही. ट्रॉलर घ्या म्हणून सरकारनेच प्रोत्साहन दिले होते. आज बोटीवर कर्ज आहे, डिझेल महाग आहे, खलाश्याला वाटा द्यायचा आहे. रेषा काही ठिकाणी इतकी जवळ, की बोट तासा-दोन तासांत तिथे पोचते. तामिळनाडूत एक जुनी व्यवस्था आहे: ट्रॉलर आठवड्यातले तीन दिवस जातील आणि लहान होड्या उरलेले चार. त्या तीन दिवसांत कमाई झाली नाही, तर आठवडा गेला. म्हणून रिकाम्या तळावर जाळे ओढण्यापेक्षा पलीकडे जाण्याचा धोका पत्करला जातो.

तो धोका खरा आहे. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी १ एप्रिल २०२४ रोजी सांगितले, की मागच्या वीस वर्षांत श्रीलंकेने ६,१८४ भारतीय मच्छीमार पकडले आणि १,१७५ बोटी जप्त केल्या. माणसे बहुधा सुटून येतात, बोटी येतातच असे नाही. त्याच वर्षी जूनमध्ये बोट पकडताना श्रीलंकेच्या नौदलाचा एक खलाशी मेला, आणि पाच आठवड्यांनी कच्चतीवूजवळ नौदलाच्या नौकेची टक्कर होऊन रामेश्वरचा एक मच्छीमार बुडाला.

मग सरकारने काहीच केले नाही?

केले, पण अर्धवट. २०१७ मध्ये पाल्कच्या उपसागरातले दोन हजार ट्रॉलर काढून घेऊन त्यांच्या जागी खोल समुद्रात टुना धरणाऱ्या बोटी द्यायची योजना आली. एका बोटीची किंमत ८० लाख रुपये. निम्मे केंद्राचे, वीस टक्के राज्याचे, उरलेले मच्छीमाराचे आणि बँकेचे. कागदावर उत्तम. पण रोज संध्याकाळी जाऊन सकाळी परतणाऱ्या माणसाला आठवडेच्या आठवडे बाहेर राहायला सांगणे म्हणजे नुसती बोट बदलणे नव्हे, धंदाच बदलणे आहे. बर्फ, बंदर, गिऱ्हाईक, बायकांच्या हातातली मासळीविक्री, सगळेच हलते. फार थोड्या बोटी पाण्यात उतरल्या.

दोन्हीकडचे मच्छीमार मधूनमधून समोरासमोर बसतात, मार्च २०२५ मध्ये ते श्रीलंकेतल्या वावुनियात बसले होते. एकाच भाषेत भांडतात, त्यामुळे निदान दुभाष्या लागत नाही. तिकडचे एकच सांगतात: या, पण ट्रॉलर घेऊन येऊ नका. आमचे नेते हे वाक्य व्यासपीठावर घेत नाहीत, कारण ट्रॉलर बंद करा म्हटले तर मते जातात. बेट परत आणा म्हटले तर टाळ्या मिळतात, आणि ते आणून दाखवायची वेळ कधी येत नाही.

२०२४ मध्ये अचानक हा विषय का निघाला?

अचानक नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये अविश्वास ठरावाला उत्तर देताना मोदींनी लोकसभेत कच्चतीवू काढले होते. भाजपचे तेव्हाचे तामिळनाडू प्रदेशाध्यक्ष अण्णामलै यांनी माहिती अधिकारात जुने कागद मिळवले, त्यांची बातमी छापून आली आणि ३१ मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांनी काँग्रेसवर थेट आरोप केला. दुसऱ्या दिवशी जयशंकर यांची पत्रकार परिषद. निकाल काय लागला? तामिळनाडूतल्या सगळ्या ३९ जागा द्रमुक आघाडीला. खुद्द रामनाथपुरममध्येही भाजप आघाडीचा पाठिंबा असलेले माजी मुख्यमंत्री पन्नीरसेल्वम हरले.

पण द्रमुकनेही विषय सोडला नाही. २ एप्रिल २०२५ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधानसभेत बेट परत घ्यावे असा ठराव मंजूर करून घेतला. दोन दिवसांनी मोदी कोलंबोला गेले. ऑगस्टमध्ये मदुरैच्या सभेत अभिनेता विजय यांनीही तीच मागणी केली.

श्रीलंकेतले नेते काय म्हणतात?

एरवी ते गप्प बसणे पसंत करतात. २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री अली साब्री यांनी 'विषय पन्नास वर्षांपूर्वीच संपला' एवढ्यावर भागवले. मात्र विजय यांच्या भाषणानंतर दीड आठवड्यात, १ सप्टेंबर २०२५ रोजी, राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके जाफनाच्या दौऱ्यावरून नौदलाच्या नौकेने थेट कच्चतीवूवर जाऊन उतरले. तिथे गेलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष. पन्नास वर्षे ज्या बेटावर त्यांचा एकही राष्ट्राध्यक्ष फिरकला नव्हता, तिथे जाण्याची निकड मदुरैच्या एका सभेने निर्माण केली.

पालघरचे मच्छीमार पाकिस्तानच्या तुरुंगात असतात, तेही असेच प्रकरण आहे का?

दिसते तसे, पण आत उलटे आहे. पालघरची माणसे गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि कच्छजवळच्या सर क्रीक खाडीच्या बाहेर पकडली जाऊन कराचीच्या मलीर तुरुंगात पोचतात. तिथे सागरी सीमा ठरलेलीच नाही. पाल्कमध्ये ती पन्नास वर्षांपूर्वी काट्यावर मोजून ठरली. धरपकड दोन्हीकडे होते. सीमा पक्की झाली की मच्छीमार सुटतो, असे मानणाऱ्यांनी ही दोन पाणी शेजारी ठेवून पाहावीत.

आपल्याला तिथे जाता येते का?

पर्यटक म्हणून नाही. संत अँथनीची यात्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन दिवस असते. युद्धाच्या वर्षांत ती बंद होती, आता पुन्हा भरते. रामेश्वरहून नाव नोंदवलेल्या यात्रेकरूंना ठरलेल्या बोटींतून नेतात, आणि व्हिसा लागत नाही, १९७४ च्या त्या पाचव्या कलमामुळे. २०२४ मध्ये मच्छीमारांना श्रीलंकेत तुरुंगवासाची शिक्षा झाली म्हणून रामेश्वरकरांनी यात्रेवर बहिष्कार घातला होता. एरवी ट्रॉलरचा मालक आणि ज्याची जाळी फाटली तो, दोघे एकाच मांडवात तमिळमध्ये प्रार्थना म्हणतात.

रामेश्वरला किंवा धनुष्कोडीला उभे राहून बेट दिसते का, असेही बरेच जण विचारतात. दिसत नाही, ते फार लांब आणि फार सपाट आहे. आणि यात्रेला जाणार असाल तर पाणी भरपूर बरोबर घ्या.